प्लेगच्या दवाखान्यातली आगाऊ होळी

मला प्लेग झाला होता, हे मी आजही जरा ऐटीतच सांगतो. हल्लीची पोरं शिंक आली तरी सुतकी चेहरा करून बसतात, त्यांच्यापुढे तर मुद्दाम सांगतो. काखेत लिंबाएवढी गाठ उठली, फुटली, मी वाचलो. आणि वाचल्यावर त्या दवाखान्यात जेवढा हसलो तेवढा पुढे स्वतःच्या लग्नातसुद्धा हसलो नाही. बायको हे ऐकून अजून रागावते, पण खरं ते खरं.

प्लेग तेव्हा आमच्या भागात नवा राहिला नव्हता. दर हिवाळ्याला हक्काच्या पाहुण्यासारखा यायचा. मी बेळगावला मराठी शाळेत मास्तर होतो. साथ आली तशी शाळा बंद झाली आणि मी निपाणीला थोरल्या भावाकडे आलो. आगीतून उठून फुफाट्यात पडलो म्हणा ना! अण्णा तिथं एका तंबाखूच्या वखारीत काट्यावर वजनं करायचा. बोरगावची शेती चुलत्यांवर सोपवून तो आणि वैनी निपाणीत बिऱ्हाड करून होते. मी पोचलो त्याच आठवड्यात वखारीत उंदीर मरून पडले. आधी माझी गाठ उठली, मग अण्णाची, आणि आम्ही दोघे एकाच बैलगाडीतून दवाखान्यात गेलो. वाटेत अण्णा कण्हत म्हणाला, "तू कशाला आलतास रं हितं मरायला?" मी म्हटलं, "तुला सोबत." त्या वेळी दोघांनाही हसू आलं नाही. ते पुढं आलं.

दवाखाना म्हणजे गावाबाहेर, बेळगावच्या रस्त्याला, माळावर घातलेली लांबलचक छपरं. भिंतींना बांबूच्या तट्ट्या, वर गवत, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि दारात एक शिपाई. एक छप्पर पुरुषांचं, एक बायकांचं, आणि कडेला एक लहान छप्पर आजाऱ्याला शिवलेल्या माणसांसाठी. घरात कुणाला गाठ उठली की बाकीच्यांना त्या लहान छपरात ठरलेले दिवस काढावे लागायचे. वैनी ते दिवस काढून नुकतीच सुटली होती, आणि कुंपणापलीकडे सगळं गाव जिथं झोपड्या घालून राहिलं होतं तिथं एका झोपडीत राहत होती. लोकांची पक्की समजूत होती की दवाखान्यात गेलेला माणूस काही परत येत नाही. त्यामुळे नवा आजारी गाडीतून उतरायचा तो निम्मा मेलेलाच उतरायचा.

आमचा डॉक्टर धारवाडकडचा, तरुण, काटकुळा. घरची भाषा कानडी, आणि मराठी पुस्तकातून शिकलेला, त्यामुळे तो शिपायालासुद्धा पोथी वाचल्यासारखं रागवायचा. माझा ताप उतरल्यावर तो खाटेवर बसून, 'काय हो' म्हणायच्या ऐवजी कानडी हाक मारून, मला म्हणाला, "एन्री मास्तर, या रोगावर माझ्यापाशी औषध नाही. कुणापाशीच नाही. गाठीवर अळशीचे पोटीस बांधीन, कांजी पाजीन. परंतु येथे मनुष्य तापाने मरतो त्याहून अधिक भयाने मरतो, असे मला दिसते. त्या भयावर मात्र मी उपचार करणार."

त्याचे उपचार ऐकाल तर त्यालाच वेड्यांच्या इस्पितळात धाडाल. प्रत्येक खाटेला एक पाटी टांगलेली असायची आणि तिच्यावर तो रोज सकाळी खडूनं औषध लिहायचा. माझ्या पाटीवर होतं, "बोलणे, दोन वेळा." माझ्या समोर एक म्हातारा गुरव होता, एका खेड्यातल्या देवळाचा पुजारी. जन्मभर देवापुढे गोड बोलून बिचारा आंबला होता. डॉक्टरनं हेरलं की शिव्या देताना याची नाडी सुधारते, म्हणून त्याच्या पाटीवर, "शिव्या, जेवणाआधी." एका भजनी बुवाच्या पाटीवर, "अभंग बंद. गौळण चालेल." कारण त्याचे वैराग्याचे अभंग ऐकून अर्धी खोली रडायला लागायची. आणि रोज सकाळी सगळ्यांनी आळीपाळीनं सांगायचं, की इथून सुटल्यावर पहिल्यांदा काय खाणार. एकदा कोंबडीच्या रश्श्यावरून जुंपली. कित्येक दिवस डोळेसुद्धा न उघडलेला एक गडी एकदम उठून बसला आणि ओरडला, "खोबरं भाजून घालत्यात रं, कच्चं न्हवं!" डॉक्टर आनंदानं खोलीभर नाचला. तो गडी पुढे चांगला म्हातारा होऊन मेला.

अण्णापुढे मात्र ही सगळी विद्या थकली. त्याची गाठ फुटली होती, ताप उतरला होता, जखम भरत आली होती, तरी माणूस रोज खालीच चाललेला. कांजीची वाटी ओठाशी नेली की तोंड फिरवायचा. बोलणं दोन वेळा म्हणून मी दिवसभर त्याच्याशी बोलायचो, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एका दुपारी त्यानं पोटातलं ओठावर आणलं.

"उगं तोंडाची वाफ दवडू नगंस. मी यंदाची होळी बघत न्हाय."

"कुणी सांगितलं?"

"दिवाळीत कुडमुड्या जोशी आलता दारात. म्हणाला, यंदाची होळी तुझ्या नजरंला पडत न्हाय."

"आणि तुझा विश्वास बसला?"

"काट्यावर चढलं ते चढलं. बोललेलं काय फिरतंय व्हय?"

वखारीत अण्णाची हीच ख्याती होती. एकदा वजन सांगितलं की प्रत्यक्ष मालकानं सांगितलं तरी फेरतोल करायचा नाही. आता त्याच ताठ्यानं हा स्वतःचं मरण तोलून बसला होता. होळीची पौर्णिमा तर अगदी तोंडावर आलेली. डॉक्टरला सांगितलं तेव्हा त्यानं अण्णाच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी बघितली. मग मला बाहेर नेऊन म्हणाला, "याला आता रोग नाही, मास्तर. याला तिथी आहे." मला फार भीती वाटली. आईबाप गेल्यावर मला खांद्यावर घेऊन शाळेत पोचवणारा माणूस होता तो. त्याच्याशिवाय घरी परत जायचं, हे मला मनातसुद्धा आणवत नव्हतं.

तोड काढली ती गुरवानं. "होळी दिसत न्हाय म्हणतोय न्हवं त्यो? मग आजच दावू की त्याला!"

"पौर्णिमेच्या आधी?" मी म्हटलं.

"गावात अडचण आली की आमी देवाची जत्रा म्होरं-मागं करतोच की. होळीनंच काय घोडं मारलंय?" एवढं बोलून त्यानं शास्त्राच्या नावानं एक सणसणीत शिवी हासडली. जेवणाची वेळ जवळ आलीच होती.

डॉक्टरनं हे ऐकलं आणि त्याचे डोळे चमकले. "वैद्यकात हे कोठेही बसत नाही," तो म्हणाला, "म्हणूनच करून पाहू." त्यानं लगेच स्वयंपाकाच्या छपरातून चार लाकडं आणि शेणी द्यायला सांगितलं. पण गुरव अडून बसला. होळीचं लाकूड कधी कुणी दिलेलं असतं काय? ते चोरलेलंच पाहिजे. मागून आणलेल्या लाकडांची ती शेकोटी, होळी नव्हे. खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि पंचाईत अशी की मलाही ते पटलं. डॉक्टरला आमच्याकडची ही रीत कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यानं एक खुर्ची टाकली, आमच्याकडे पाठ केली आणि मोठमोठ्यानं कानडी वर्तमानपत्र वाचायला सुरुवात केली.

मग जी चोरी झाली तशी चोरी कोणत्याही मुलखात झाली नसेल. चोरांच्या एका हातात काठी, दुसरा हात तट्टीला. चार पावलं टाकली की बसायचं. एक चोर लाकडापर्यंत पोचला, दम खायला त्याच लाकडावर टेकला आणि तिथंच झोपी गेला. त्याला उठवायला दुसरा चोर पाठवावा लागला. बायकांच्या छपरात बातमी गेली तेव्हा तिकडून तट्टीवरून शेण्या येऊन पडायला लागल्या. पाठोपाठ एक झाडणी आली आणि एक मोडका पाटही आला. भजनी बुवानं तर कमाल केली. डॉक्टरची दुसरी खुर्ची, एक पाय मोडलेली, ती डॉक्टरच्याच मागून ओढत नेली. डॉक्टरनं मान न वळवता वर्तमानपत्राचाच सूर धरून वाचलं, "खुर्ची मात्र सरकारी आहे हो!" हसून हसून माझ्या काखेतली जखम ठणकायला लागली.

आता पेटवायची कुठं? सगळीकडे गवताची छपरं. मागच्या अंगाला एक उघडी, भाजलेली जागा होती, तीच डॉक्टरनं दाखवली. आजारी दगावला की त्याचं अंथरूण-पांघरूण त्या जागी जाळायचे. आम्हाला ते ठाऊक होतं, पण होळीच्या नादात त्याचा पुढचा अर्थ ना डॉक्टरच्या ध्यानात आला, ना आमच्या.

दिवस मावळताना होळी पेटली. कांजीचा नैवेद्य दाखवला. गुरवानं पाणी फिरवलं आणि आम्ही सगळ्यांनी तोंडावर पालथा हात मारून बोंब ठोकली. बोंब कसली! मांजराची पिल्लं पोत्यात घातल्यासारखा आवाज निघाला. त्यालाच आम्ही इतके हसलो की दुसरी बोंब मारायला दम राहिला नाही. तट्टी बाजूला सरकवून अण्णाच्या खाटेवरून समोर जाळ दिसेल अशी सोय आम्ही केली होती. मी धावत त्याच्याकडे गेलो, आणि दमलेली बाकीची मंडळीही मागोमाग आत येऊन आपापल्या खाटांवर टेकली.

"अण्णा, उठ! होळी बघ!"

अण्णानं घोंगडं डोक्यावरून ओढून घेतलं. "मी बघत न्हाय."

"अरे, समोर पेटलीय!"

"जोश्याला खोटं पाडायला निघालायसा व्हय समदी? मी डोळंच उघडत न्हाय."

मी घोंगडं ओढायला लागलो तर त्यानं आतून घट्ट धरलेलं. माझा जोर इकडं, त्याचा तिकडं. ज्याच्या हातात कांजीची वाटी ठरत नव्हती तो मला खाटेवर ओढून घेत होता. डॉक्टर मागून ओरडला, "पाहा, पाहा, बळ आहे त्याला!" पण बळ असून उपयोग काय? मला रडू यायला लागलं. एवढा खटाटोप केला आणि हा दगड डोळेच उघडायला तयार नाही.

तेवढ्यात कुंपणापलीकडून गलका उठला. झोपड्यांतल्या लोकांचं सदा त्या मागच्या जागेकडे लक्ष असायचं. तिथं जाळ दिसला की दवाखान्यात कुणीतरी गेलं हे त्यांना कळायचं. आणि आज जाळ केवढा! बरोबर बोंबही! निम्मा दवाखाना खलास झाला असं समजून बायामाणसं रडत ओरडत कुंपणाकडे धावली. सगळ्यांच्या पुढं आमची वैनी. शिपाई आडवा आला तर त्याला ढकलून ती आत शिरली, थेट आमच्या छपरात. दारात उभी राहून तिनं नजर फिरवली. बाकी सगळे बसलेले, आणि एका खाटेवर माणूस डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला, शेजारी दीर डोळे पुसत उभा. तिनं किंकाळी फोडली आणि त्या घोंगड्यावर अंग टाकलं.

"अवं धनी! कसं वो सोडून गेलासा मला! कंदी वाकडा शबूद बोलला न्हाईसा वो! ताटात पडंल ते ग्वाड करून खाल्लंसा वो!"

वैनीच्या हातच्या आमटीला नावं ठेवत ताट सरकवणारा अण्णा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. शिवाय खोलीतल्या प्रत्येकानं तापाच्या भरात त्याच्या तोंडून त्या आमटीची कहाणी ऐकली होती. आम्ही सगळ्यांनी ओठ दाबून धरले. सांगायला पाहिजे होतं, पण तोंड उघडलं असतं तर हसूच फुटलं असतं. शोक तर वाढतच चालला. अण्णा शांत होता, अण्णा दयाळू होता, अण्णानं कधी आवाज चढवला नाही. शेवटी घोंगड्याच्या आतून आवाज चढला.

"अगं, मेलो न्हाय! जित्ता हाय मी! जित्ता हाय!"

सगळ्या माना त्या घोंगड्याकडे वळल्या. आणि गुरव म्हणाला, "घ्या. कबूल झाला."

त्यानंतर जो हशा उसळला तो बायकांच्या छपरापर्यंत गेला आणि तिकडूनही परत आला. भजनी बुवा तर हसता हसता खाटेवरून खाली घसरला. वैनी मात्र हसली नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि कमरेवर हात ठेवले.

"जित्तं हाईसा, मग डोस्क्यावरनं पांघरूण कशापायी घेतलंयसा?"

"होळी दिसू नये म्हणून."

"कसली होळी? पुनवंला अजून अवकाश हाय! समद्यांचीच डोस्की फिरल्यात व्हय हितं?" आणि तिनं फर्रकन घोंगडं ओढलं. मी मोठ्या आशेनं बाहेर बघितलं. गर्दीला घाबरून शिपायानं चुन्याच्या पाण्याचं पिंप होळीवर ओतलं होतं. तिथं पांढरा चिखल आणि थोडा धूर. म्हणजे अण्णानं होळी बघितली नाही ती नाहीच. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

डॉक्टरनं मान खाली घातली. मग तो वैनीला म्हणाला, "बाई, आपण रुग्णाला शिवलात. आता पुन्हा त्या लहान छपरात दिवस काढावे लागतील."

हे ऐकलं मात्र, अण्णा कुणाचाही हात न धरता उठून बसला. "सोडा तिला, डाक्टर. आत्ताच तर सुटली हुती. पैल्यापास्नं मोजायचं व्हय?"

"नियम आहे."

"आनि हितं तिला गाठ उठली तर?"

डॉक्टरनं माझ्याकडे एक चोरटी नजर टाकली. अशी नजर मी नंतर फक्त पत्ते खेळणाऱ्या माणसांत पाहिली. "मग आपण लवकर बरे व्हा," तो गंभीरपणे म्हणाला. "नाही तर काळजीपोटी त्या पुनःपुन्हा येथे धावून येणार, आणि दरवेळी दिवस नव्याने मोजावे लागणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णाच्या पाटीवर नवं औषध होतं. "बायको, दोन वेळा, तट्टीआडून."

त्या औषधाला मात्र गुण होता. वैनीचं छप्पर आमच्या छपरापासून हाकेच्या अंतरावर, मध्ये एक तट्टी. सकाळी अण्णा इकडून ओरडायचा, "जेवलीस काय गं?" तिकडून यायचं, "तुमी जेवलासा काय?" "आदी तू सांग!" "न्हाय, आदी तुमी!" तिचा त्याच्या शब्दावर काडीचा विश्वास नव्हता. त्याची रिकामी वाटी मी तट्टीवरून पालथी करून दाखवायची, थेंब पडला तर कांजी शिल्लक आहे असं समजून पुन्हा भांडण. थेंब पडू नये म्हणून अण्णा वाटी चाटूनपुसून घ्यायचा. ओरडायला बळ हवं म्हणून दूध मागायचा. रात्री तिला थंडी वाजते का, पाणी कोण देतं, काखेत-जांघेत काही दुखतं का, अशा शंभर चौकशा. कुडमुड्या जोशाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. आम्हीही काढलं नाही. त्या दोघांचं भांडण ऐकायला बाकीचे आजारी आपली कांजी लवकर उरकून बसायचे.

पौर्णिमा आली. डॉक्टरनं पहाटेच सगळ्यांना दम भरला होता, आज होळी हा शब्द जो उच्चारील त्याला दोन दिवस मुकं राहण्याचं औषध. माळावरच्या लोकांनी आमच्या प्रतापानंतर धसका घेतला होता, त्यामुळे त्यांनीही काही पेटवलं नाही. गुरव दिवसभर ओठ आवळून बसला होता. संध्याकाळी सवयीनं त्याचा हात तोंडावर जायला निघाला, त्याची त्यानं जांभई केली. अण्णाचं तिकडे लक्षच नव्हतं. वैनीनं शाल पांघरली नाही यावरून त्याचं दुपारपासून चाललं होतं. भांडून भांडून तो दमला, दोन वाट्या कांजी प्याला आणि चंद्र वर यायच्या आत घोरायला लागला. मी त्याच्या उशाशी बसलो. घोंगडं वर-खाली होतंय ना, एवढंच बघत बसलो. एवढं सुखाचं घोरणं मी जन्मात ऐकलं नाही.

सकाळी तो उठला, चूळ भरली, आणि वाटी मागितली. मग मी सांगितलं.

"अण्णा, काल पुनव झाली."

"कसली?"

"होळीची."

तो वाटी हातात तशीच धरून माझ्याकडे बघत राहिला. डॉक्टर धरतो तसं स्वतःचं मनगट धरून बघितलं.

"म्हंजे मी होळी बघितली न्हाय."

"न्हाय."

"मग जोशी खरं बोलला की रं!"

"अगदी खरं बोलला."

"मग मी मेलो कसा न्हाय?"

"तुला सवड कुठं होती, अण्णा?" मी म्हटलं.

त्यानं माझं बोलणं काट्यावर घातल्यासारखं बराच वेळ मनात तोललं. मग वाटी खाली ठेवली, पाय खाली सोडले, आणि आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच स्वतःच्या पायांवर उभा राहिला. तट्टीला धरत धरत, झोकांड्या खात, तो वैनीला ही बातमी सांगायला निघाला. मी आधार द्यायला मागं धावलो, पण मला हसू आणि रडू एकदमच आलं आणि मी आपला मध्येच उभा राहिलो. तट्टीपलीकडून वैनीचा आवाज आला, "अनवाणी कशाला आलासा? जावा, आदी पायात घालून या."